सेंद्रिय म्हणायचं आणि रोटाव्हेटरही फिरवायचा, मग मातीतला कर्ब (कार्बन) वाढणार कसा?

माळरान: रासायनिक खत बंद केलं, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) सोडलं की झाली जमीन सेंद्रिय, असं सगळे धरून चालतात, पण दर पिकाआधी नांगर, रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं ट्रॅक्टरचं अवजार) आणि उन्हाळाभर रान उघडं ठेवलं तर कर्ब टिकणार कुठून? माती उलथली की रव्यांच्या आत दडलेला कर्ब जिवाणूंच्या तोंडी लागतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. मायकोरायझा, म्हणजे मुळांच्या साथीनं जगणाऱ्या बुरशीचे धागे तुटतात ते वेगळंच, आणि तिला जगायला जिवंत मूळ लागतं, उघड्या रानात तिनं खायचं काय? बांधावरची माती हातात घेऊन बघा, कोण तिला शेण घालत नाही तरी रवाळ असते.

उसाची_लेक: दादा, बांधावरनं पीक कापून कोण नेतं का? आमच्या काळ्या रानात ओल्यात ट्रॉल्या फिरतात, जमीन पार दगड होते, नांगर नको म्हणता तर मुळं जाणार कुठं? आणि सेंद्रियात तणनाशक चालत नाही, मग लव्हाळा-हरळी खुरपायला मजूर कुठनं आणू ते सांगा.

माळरान: ताई, ट्रॉलीचं पटतं. पण खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातनं पुन्हा फुटणाऱ्या उसात) तर नांगर नसतोच ना, तिथं तरी पाचट (उसाचा वाळला पाला) जाळू नका! हेक्टरी ८-१० टन पाचट निघतं, ते सरीत ठेवलं की तणही दबतं नि पाणीही वाचतं.

मातीपरीक्षक: थोडं थांबा. नांगर बंद केल्यावर कर्ब वाढलेला दिसतो तो बऱ्याचदा वरच्या थरात, खालच्या थरात कमी होतो आणि एकूण बेरीज फारशी हलत नाही. वरच्या १५ सेंटिमीटरचाच नमुना घेऊन कर्ब ०.४ टक्क्यांचा ०.६ झाला म्हणून नाचू नका, खालचाही तपासा. शिवाय विकतचं शेणखत घातलं असेल तर तो कर्ब दुसऱ्याच्या रानातनं आलेला.

माळरान: बेरीज तीच राहिली तरी वरचा थर सुधारला म्हणजे पाणी मुरतं, माती वाहून जात नाही, कोरडवाहूवाल्याला हे कमी आहे का?

उसाची_लेक: पाचटाचं बोलायचं तर त्यात नत्र फार कमी, जिवाणू कुजवताना मातीतलंच ओढतात नि खोडवा पिवळा पडतो. शिफारस टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट अशी आहे, सेंद्रियवाल्यानं काय टाकायचं?

माळरान: शेणस्लरी पाण्यातनं सोडा, पाचट एक आड एक सरीत ठेवून मधल्या मोकळ्या सरीत ताग (नत्र देणारं हिरवळीचं पीक) पेरा. कुजायला जरा जास्त वेळ लागेल एवढंच.

उसाची_लेक: यंदा एक आड एक सरीत करून बघते. पण नव्या लागणीआधी नांगर घालणारच, ते मला अजून पटलेलं नाही.