लग्नाचा दाखला आधी काढून ठेवा

जेलमधल्या भेटींवर एकाने लिहिलंय की पंजाबसारखं आपल्याकडेही करा, कैद्याला जेलमध्येच बायकोसोबत दोन तास एकांतात भेटू द्या. पटलं मला, पण कागदाचं कोणी बोलतच नाही. तिकडे २०२२ ला गोइंदवाल साहिबच्या जेलपासून हे सुरू झालं तेव्हाच लग्नाचा पुरावा आणि मेडिकल सर्टिफिकेट मागत होते.

माझ्या मावसभावाला शिक्षा लागली नि त्याला जिल्ह्याबाहेर हलवलं, वहिनी राहते यावलकडच्या खेड्यात. लग्न मळ्यात मांडव टाकून झालेलं, नोंदणी कोण करत बसतं हो! साध्या मुलाखतीलाच, म्हणजे जेलमधल्या नेहमीच्या भेटीलाच, आधारवर माहेरचं नाव म्हणून खिडकीवरून परत पाठवलं, पहाटे भुसावळहून गाडी धरून गेलेली बाई, पदराखाली लग्नाची पत्रिका, ती कोणी हातातसुद्धा घेतली नाही. नोंदणी उशिरानेही होते, गावात ग्रामसेवकाकडेच, पण नवरा-बायको दोघं हजर पाहिजेत आणि तीन साक्षीदार. नवरा आत, मग कसं जमायचं? शेवटी तो फर्लोवर, म्हणजे कैद्याला मिळते त्या ठरावीक दिवसांच्या सुट्टीवर, घरी आला तेव्हा दुसऱ्याच दिवशी आम्ही ग्रामपंचायत गाठली, त्यातही ग्रामसेवक मीटिंगला गेलेले, संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होतो.