पंखा पाचवर, तरी रात्रभर गरम वारा. नवीन घेऊ का?

गच्चीखालचा
जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. रात्री अकराला भिंतीला हात लावला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याची आठवण होते. पंखा पाचवर ठेवला की झळ अंगावर येते, तीनवर आणला की घाम. पंखा बारा वर्षांचा, ४८ इंची. दुकानदार म्हणतो बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) घ्या, गार वारा येतो. खरं का? एसी नको, आईचे गुडघे धरतात.

वाइंडिंगवाला
कुठलाच पंखा हवा गार करत नाही हो. घाम वाळतो म्हणून गार वाटतं, बस्स. तुमचा स्लॅब दिवसभर तापतो, त्याखालची गरम हवा पंखा खाली ढकलतोय. नव्यानं वीज वाचेल (जुना ७०-७५ वॅट खातो, हा ३०-३५), पण ढकलणार तीच हवा. बाकी पंखा पहिल्यापेक्षा मंद झाला असेल तर अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा डबा) बदलून बघा. मेन स्विच पाडून! आणि पाती पुसा, कडेला धुळीची किनार साचलेली असणार.

पूर्व भागातली काकू
आमचं पत्र्याचं घर, त्यामुळं अनुभव दांडगा. सकाळी नऊला खिडक्या, पडदे बंद. रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडायचं आणि टेबलफॅन खिडकीत ठेवायचा, तोंड बाहेर करून. लोक हसतात, हसू द्या. आतली गरम हवा बाहेर गेली की समोरच्या खिडकीतून गार आपसूक येते. मधलं दार मात्र उघडं हवं. गच्चीवर पाणी मारा म्हणतील कुणी. इथं नळाला रोज पाणी कुठंय? त्यापेक्षा चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारा.

गच्चीखालचा
काकू, केलं. समोरची खिडकी म्हणजे आमची उत्तरेची, तिच्यापुढं चादरींची ट्रंक. दोन वर्षं उघडलीच नव्हती. ट्रंक सरकवली, टेबलफॅन हॉलच्या खिडकीत उलटा लावला. उत्तरेच्या खिडकीशी उदबत्ती धरली तर धूर सरळ आत ओढला गेला. तासाभरानं वरचा पंखा तीनवर, तरी झोप लागली. कपॅसिटरही बदलला, तीनवरच आता पूर्वीच्या पाचएवढा फिरतो.

फक्त डास फार येतायत. खिडकीला जाळी कुठली बसवू? बारीक बसवली तर वारा अडेल ना?