लोहगाव (पुण्याचा विमानतळ) टाळून मुंबईला उतरायचं असेल तर...

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की पुण्याचं तिकीट महाग दिसलं तर सरळ मुंबईचं काढा आणि दादरहून पुण्याची रेल्वेगाडी, डेक्कन क्वीन पकडा. पैशाच्या हिशोबात पटतं. पण स्वस्त विमानं वेळेवर सुटतात असं गृहीत धरून पुढचं आरक्षण करू नये. मागच्या दिवाळीत माझं विमान दीड तास उशिरा आलं, बेल्टवर बॅगेची वाट बघण्यात आणखी अर्धा तास गेला आणि 5:10 ची डेक्कन क्वीन मला न घेताच निघून गेली. शेवटी एसटीची शिवनेरी बस. म्हणजे वाचवलेल्या पैशातले निम्मे गेलेच.

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. मुंबईत आता मेट्रो 3 आहे, दोन्ही टर्मिनलना स्वतंत्र स्टेशनं आहेत आणि ती थेट सीएसएमटीला जाते. त्यामुळे बॅगा घेऊन दादरच्या पुलावर धक्के खायची गरज उरलेली नाही. शिवाय गाडी सीएसएमटीहूनच सुटते, बॅग ठेवायला जागा तरी मिळते. (दादरला चढून रॅकवर बॅग ठेवून दाखवा!)

जाताना मात्र मी लोहगावच धरतो. वेब चेक-इन केलं म्हणून निवांत राहू नका, बॅग टाकायची असेल तर रांग चुकत नाही आणि काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. फक्त सात किलोची हातातली बॅग असेल तर डिजियात्रेने (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप) खरंच वेळ वाचतो.