शनिवारचा पर्यटक की मंगळवारचा कंपनीचा माणूस? साताऱ्याच्या लॉजधंद्याला खरे कोण परवडते?

पोवईनाका (धागाकर्ता):
साताऱ्यात आमचे अठरा खोल्यांचे लॉज आहे. गेल्या काही वर्षांचे रजिस्टर चाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, आपण सगळे कासच्या फुलांकडे डोळे लावून बसतो आणि एमआयडीसीत यंत्र बसवायला येणारा इंजिनिअर, औषध कंपनीचा एमआर किंवा शाखा तपासायला येणारा ऑडिटर यांना मात्र गृहीत धरतो. कासचा बहर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो आणि त्यातही खरी गर्दी शनिवार-रविवारचीच असते. मग उरलेल्या वर्षाचे वीजबिल, पगार आणि कर्जाचा हप्ता सोमवारी रात्री येऊन गुरुवारी सकाळी जाणारा, खोलीत एकटाच राहणारा आणि पुढच्या महिन्यात स्वतःहून फोन करणारा माणूसच भागवतो. त्याला मी भाडे कमी लावतो, तरीही वर्षाचा हिशेब केला तर तोच जास्त देऊन जातो. शिवाय तो थेट येतो, त्यामुळे बुकिंगच्या अ‍ॅपला कमिशन द्यावे लागत नाही.

यवतेश्वरघाट:
आपण मोल मोजता ते फक्त आपल्या रजिस्टरातून. कंपनीचा माणूस खोलीचे भाडे, रात्रीचे जेवण आणि फार तर इस्त्रीचे पैसे देतो. त्याचा खर्च आपल्या दारातच संपतो. पर्यटक मात्र ठोसेघरला कणीस खातो, सज्जनगडाच्या पायथ्याला सरबत पितो, गाडी भाड्याने घेतो आणि जाताना दोन किलो कंदी पेढे बांधून नेतो. कासचे पठार 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यानंतर आमच्या कासच्या रस्त्यावरच्या किती घरांत न्याहारीची सोय झाली ते एकदा येऊन पाहा. पर्यटक बंद झाला तर आपले लॉज कदाचित चालेल, पण आमचा रस्ता ओस पडेल.

पोवईनाका:
मान्य, पण पुण्याहून सकाळी निघालेला पर्यटक फुले पाहून रात्री पुण्यालाच परततो. त्याचा मुक्काम कोठे आहे?

यवतेश्वरघाट:
आणि पुण्याहून आलेला इंजिनिअर काय करतो? अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर आहे, काम चार वाजता आटोपले तर तोही घरीच जेवतो.

फिरतीचामाणूस:
मी सत्तावीस वर्षे औषधांची बॅग घेऊन सातारा, कराड, सांगली अशी फिरती केली, म्हणून एक समजूत दुरुस्त करतो. कंपनी पैसे देते म्हणजे आम्ही भाव पाहत नाही, असे नसते. दिवसाचा भत्ता ठरलेला असे आणि त्यातून वाचेल ते आमचे, त्यामुळे पन्नास रुपयांसाठी लॉज बदललेले सहकारी मी पाहिले आहेत. जेथे पहाटे सहाला चहा आणि गरम पाणी न मागता मिळे, तेथे मात्र आम्ही घासाघीस केली नाही. वर्षानुवर्षे येणारे गिऱ्हाईक हे असे बांधले जाते, केवळ ‘कामाचा माणूस’ असल्याने नव्हे.

हळदपेठ_सांगली:
दोघांनीही उधारीचा विषय टाळला, म्हणून लिहितो. पर्यटक निघताना पैसे चुकते करतो. कंपनी बिल घेऊन जाते. एका कारखान्याने आमचे पाच महिन्यांचे बिल अडवून धरले होते आणि त्या काळात भरलेल्या खोल्याच आम्हाला जड झाल्या. आता उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत, तर प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीमुळे कंपनीला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. नोंदणी केली नसेल, तर आधी ती करा.

दुसरे म्हणजे ही विभागणीच आमच्याकडे पुरी पडत नाही. हळदीच्या सौद्यांना आणि तासगावच्या बेदाण्यासाठी बाहेरच्या राज्यांतून येणारा व्यापारी कामानिमित्तच येतो, पण त्याला मांडी घालून जेवायला आणि गप्पांना वेळ असतो. मिरजेत रुग्णासोबत आलेले नातेवाईक तर ना पर्यटक ना धंद्याचे. ते आठवडेच्या आठवडे राहतात, एकाच खोलीत स्वयंपाकाची परवानगी मागतात आणि त्यांच्याकडून जास्त भाडे घेण्यास मन धजत नाही. मिरजेतल्या कित्येक लहान लॉजचा मूळ आधार हाच वर्ग आहे.

पोवईनाका:
उधारीचा मुद्दा मी खरोखरच धरला नव्हता. तरी माझे मत पूर्ण बदललेले नाही, कारण मंगळवारची खोली रिकामी राहिली तर ती बुधवारी दुप्पट भावाने विकता येत नाही. मात्र एक चूक कबूल करतो: मागच्या सप्टेंबरात शनिवारी दुप्पट दर मिळतो म्हणून मी दोन जुन्या एमआरना खोली नाकारली. त्यातला एक आजतागायत परत आलेला नाही. यंदा बहरातही दोन खोल्या नेहमीच्या माणसांसाठी नेहमीच्याच दराने बाजूला ठेवणार आहे.

यवतेश्वरघाट:
आणि त्या दोन खोल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत रिकाम्या राहिल्या, तर आमच्याकडे फोन करा. जागा न मिळालेली चार कुटुंबे तरी दारात उभी असतात.