एकट्याने, दुचाकीवर, राज्यांमागून राज्यं : तुमचा तो एक दिवस सांगा

एकट्याने केलेल्या लांबच्या दुचाकी सफरींची वर्णनं आपण भरपूर वाचतो. किती दिवस लागले, किती राज्यं झाली, पेट्रोलला किती गेले. इथे ते कमी लिहा. ज्या दिवशी तुम्ही गाडी कडेला लावलीत आणि ‘आता काय?’ असं स्वतःला विचारलंत, तो दिवस मला ऐकायचा आहे. बरोबर कुणी नाही, घर हजार किलोमीटर मागे राहिलंय आणि काय करायचं ते आपलं आपल्यालाच ठरवायचंय. सुरुवात मी करतो.

पुण्याहून अमृतसरला निघालो होतो, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. ग्वाल्हेरला मुक्काम केला. पहाटे निघायचं हा नेम, म्हणून साडेपाचला किक मारली. पुढच्या टप्प्याची मी वाटच बघत होतो. मोरेना सुटलं की चंबळ ओलांडून धौलपूर, म्हणजे राजस्थान. तिथून थोडं पुढे गेलं की आग्र्याच्या अलीकडे उत्तर प्रदेश लागतो. एका सकाळीत तीन राज्यं! पण मोरेन्याच्या आधीच धुक्यात शिरलो. हेल्मेटच्या काचेवर बाहेरून थेंब, आतून वाफ. काच वर केली की डोळ्यांतून पाणी. शेवटी एका ट्रकचा मागचा लाल दिवा धरला आणि त्याच्यामागून चाललो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी रस्ता बघतच नाहीये, नुसता दिवा बघतोय. ट्रक डावीकडे वळला तसा मीही वळलो आणि थेट एका ढाब्याच्या आवारात जाऊन उभा राहिलो. तो ढाबा होता म्हणून बरं.

ढाब्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी चहाआधी वर्तमानपत्राची चार पानं हातात दिली आणि जॅकेटच्या आत छातीवर लावायला सांगितली. वाऱ्याला कागद अडवतो, हे तेव्हा कळलं. अकरापर्यंत तिथेच शेकोटीपाशी बसून राहिलो. आग्र्याला पोचेपर्यंत दुपार झाली आणि मी तिथेच थांबलो. दिवसभरात जेमतेम १२० किलोमीटर. याच सफरीत एका दिवशी सहाशेच्या वर गाडी चालवली होती, त्या दिवसातलं मला आज धड काही सांगता येणार नाही. त्या शेकोटीतल्या लाकडांचा वास मात्र अजून आठवतो.

लिहा आता.

* * *

माझी गाडी १५० सीसीची आहे. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. याच गाडीवर माझी अकरा राज्यं झाली. मोठी गाडी असेल तरच लांब जाता येतं हा समज कृपा करून सोडा. लहान गाडी पडली तर एकट्याला उचलता येते, हे त्या वेळी फार मोलाचं असतं.

माझा दिवस जैसलमेरच्या पलीकडचा. तनोटमातेचं दर्शन घेतलं, १९७१ची लढाई जिथे झाली ते लोंगेवाला बघितलं आणि रामगडच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे वाळू आणि आकाश, बाकी काही नाही. क्लच दोन दिवस जड लागत होता. लिव्हरपाशी केबलची एकेक तार तुटत होती आणि मला ते दिसतही होतं, तरी जोधपूरला बघू म्हणून पुढे ढकललं. रामगड तीस किलोमीटर राहिलं असताना ती तटकन तुटली. जादाची केबल घरी टेबलावर.

अर्धा तास नुसता बसून राहिलो. मग गावातल्या गॅरेजवाल्या काकांनी कधीतरी दाखवलेलं आठवलं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची, दोन्ही पायांनी ढकलत वेग द्यायचा आणि हलकेच पहिला टाकायचा. झटका बसतो पण गाडी निघते. पुढचे गिअर टाकताना क्षणभर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की पायाने गिअर आपसूक पडतो. रस्ता मोकळा असेल तर असं कितीही लांब जाता येतं, फक्त मध्ये थांबायचं नाही. मध्येच शेळ्या आडव्या आल्या तेव्हा गाडी बंद पडली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. असा रामगडला पोचलो.

आता निघण्यापूर्वीच जुन्या केबलच्या शेजारून नवी केबल ओवून ठेवतो, दोन्ही टोकांना प्लास्टिक गुंडाळून. तुटली तर टोकं बदलायची आणि निघायचं, दहा मिनिटांचं काम. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल देतो. ट्यूबलेस टायरचा पंक्चर घरी, सावलीत, निवांत बसून एकदा स्वतःच्या हाताने काढून बघा. खिळा उपसायचा, सुईने भोक साफ करायचं, चिकट पट्टी आत दाबून सुई झटक्यात मागे ओढायची. पहिल्यांदा हात थरथरतो. तो घरीच थरथरू द्या.

* * *

मी नांदेडची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दिवाळीच्या सुट्टीत नांदेड ते घुमान केलं. एकटीने.

नागपूरला आले की ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा, तो थेट पंजाबात नेतो. शिवनीच्या अलीकडे पेंचच्या जंगलात हा रस्ता खांबांवरून जातो, खालून प्राण्यांना वाट मोकळी ठेवली आहे. मी तिथे वेग अगदी कमी केला आणि खाली बघत राहिले. दिसलं काहीच नाही, पण आपण वरून चाललोय आणि खालून वाघाची वाट आहे या विचारानेच अंगावर काटा आला.

माझा ‘आता काय’ सागर आणि ललितपूरच्या मध्ये आला. बायकांनो, हे तुमच्यासाठी लिहिते. रस्त्यात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने मी दोन दिवस पाणीच प्यायले नव्हते. नीट कपभरसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ओटीपोटात कळा सुरू झाल्या, पायात गोळे आले आणि हातातली पकड सुटायला लागली. पेट्रोल पंपावर गाडी कशीबशी लावली आणि जमिनीवरच बसले. तिथे कामाला असलेल्या एका मुलीने मला आत नेलं, मीठ-साखर-पाणी दिलं आणि मग तिच्या दादाच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं. लघवीचा संसर्ग. डॉक्टरबाई चांगल्याच रागावल्या आणि दोन दिवस झोपून राहा म्हणाल्या. दोन दिवस मी ललितपूरच्या लॉजवर छताकडे बघत काढले. घरी फोन करून खरं सांगितलं. हे म्हणाले, “परत ये म्हणणार नाही, पण पाणी पी.”

तेव्हापासून दर तासाला थांबते, तहान लागो न लागो. मोठ्या कंपन्यांचे पंप दिसले की विचारते. ओशाळायचं कारण नाही.

पानिपतला काला आंबच्या स्मारकापाशी बराच वेळ उभी राहिले. १४ जानेवारी १७६१ ही तारीख मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. तिथे हिरवळीवर मुलं पतंग उडवत होती. हरियाणातल्या ‘रोड’ नावाच्या समाजातले अनेक जण स्वतःला मराठे म्हणवतात, तिथे भेटलेल्या एका आजोबांनीही तसंच सांगितलं आणि मला ‘बेटी’ म्हणून घरी जेवायला बोलावलं.

आणि पंजाब! ‘महाराष्ट्र’ म्हटलं की लोक मुंबई म्हणतात. मी ‘नांदेड’ म्हणायचे आणि समोरचा माणूस हात जोडायचा, “हजूर साहिब!” फगवाड्याजवळ एका सरदारजींनी माझ्या गाडीच्या एमएच २६ या नंबरपाटीला हात लावून तो कपाळाला लावला. गुरुद्वाऱ्याची माती लागली असेल त्या पाटीला, असं म्हणाले. मला बोलता येईना.

घुमानला नामदेव महाराजांचं स्थान आहे. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे मी मुलांना शिकवते. २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं. लंगरमध्ये बसले होते, शेजारच्या बाईंना म्हटलं, नामदेव आमच्याकडचे. त्या म्हणाल्या, “नाही, आमचे.” मग दोघी हसलो आणि त्यांनी माझ्या ताटात अजून एक रोटी वाढली.

* * *

मी पोचलोच नाही. तरी लिहितो.

मनाली ते लेह. अटल बोगदा झाल्यापासून (२०२०, नऊ किलोमीटरचा) रोहतांगची खिंड चढावी लागत नाही, आणि म्हणून आपण किती भराभर वर चाललोय ते जाणवत नाही. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वाटेत केलाँगला दोन रात्री थांबायचं ठरवलं होतं. हवा स्वच्छ होती, अंगात जोर होता, थांबलो नाही. मनाली दोन हजार मीटरवर, सरचू सव्वाचार हजारांच्या पुढे, आणि मी ते एकाच दिवसात केलं.

रात्री तंबूत डोकं फुटतंय असं वाटायला लागलं, उलट्या झाल्या. आपण जेवलो की नाही हे मला आठवेना, तेव्हा खरा घाबरलो. तंबूवाल्या भय्याने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, “नीचे.” यावर औषध तेवढंच, खाली उतरणं. पण सरचूची गोम अशी की खाली जायलाही आधी ‘बारालाचा ला’ ही खिंड चढावी लागते, ४,८०० मीटरच्या वर. दोन्हीकडे खिंडी आहेत. त्यामुळे गाडी चालवत जाण्याचा प्रश्नच नव्हता. पहाटे एका पिकअपमध्ये गाडी आडवी बांधली, मला शेजारी बसवलं, नाकाला ऑक्सिजन. जिस्पाला उतरलो आणि दोन तासांत भूक लागली.

चंडीगडहून गाडी रेल्वे पार्सलने घरी पाठवली. टाकी रिकामी करून घेतात, आरसीची प्रत लागते, गोणपाट गुंडाळतात. फलाटावर ती गोणपाटात गुंडाळलेली गाडी बघून मी रडलो. पण परत फिरलो हे बरोबरच केलं, याबद्दल मनात शंका नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाणार आहे. केलाँगला दोन रात्री.

* * *

चित्रदुर्गच्या पुढे पावसात घसरलो. खांदा निखळला होता, उठताच येईना. एका ट्रकवाल्या अण्णांनी ट्रक आडवा लावून मागची वाहनं अडवली, मला रुग्णालयापर्यंत आणलं आणि दारातूनच घाईघाईने निघून गेले. पोलिसांचं झंझट नको म्हणून. मी त्यांना नीट धन्यवादही देऊ शकलो नाही. म्हणून इथे लिहितो, जमेल तेवढं पसरवा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर गुन्हा किंवा नुकसानभरपाईचा दावा होत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची सक्तीही नाही. ११२ लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

* * *

आमी सांगली जिल्ह्यातले, खानापूर तालुका. वय ५२. पोरं म्हणाली, बाबा, आता हे वय आहे का? म्हटलं, द्राक्षबागेत तीस वर्षं राबलो, आता एक महिना मला द्या.

सांगली ते तवांग. अरुणाचलला इनर लाइन परमिट लागतं, ते आधी काढून ठेवलं. पण घड्याळाचं कुणी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरात तिकडे साडेचारला दिवस मावळतो, पाचला काळोख. आपल्या हिशोबाने सहापर्यंत गाडी चालवू म्हणून निघालो आणि पहिल्याच दिवशी घाटात अंधारात अडकलो. तिकडे पहाटे चारला उठायचं आणि तीनला थांबायचं, दुसरा हिशोब चालत नाही.

सेला खिंड १३,७०० फुटांवर. आता मार्च २०२४पासून बोगदा झालाय, मी गेलो तेव्हा वरूनच जावं लागायचं. सावलीतल्या वळणावर रस्ता ओला दिसला. ते पाणी नव्हतं, काच झालेलं बर्फ होतं. माणूस चालतो त्या वेगात होतो तरी गाडी पायाखालून गेली. मी एकीकडे, गाडी दुसरीकडे. विरळ हवेत उचलायला गेलो तर दोन दमात छाती भरून आली. रस्त्याच्या कामावरची चार माणसं धावत आली, त्यांत दोन बाया, एकीच्या पाठीला पोर बांधलेलं. त्यांनी गाडी उभी केली आणि हात धरून मला वळण ओलांडून दिलं. पैसे काढले तर घेतले नाहीत. खिशात घरच्या बेदाण्याची पुडी होती, ती पोराच्या हातात दिली.

मुक्या माराने कंबर धरली होती. कसाबसा आसामात खाली उतरलो. एका बाजारपेठेत हळूहळू चाललो होतो, तेवढ्यात मागनं हाक आली, “ओ पाव्हणं! एमएच १०! कुठलं गाव?”

अंगावर सरसरून काटा आला. वळून बघतो तर गलाईचं दुकान, दारात आपला माणूस उभा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हंजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामात, देशभर गेलीत हे लहानपणापासून ऐकून होतो. आमच्या गल्लीतली चार घरं त्यावरच उभी राहिली. पण ते जग कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. हातभर रुंदीची खोली, मूस, भट्टी, ॲसिडचा वास, आणि भिंतीवर सिद्धनाथाचा फोटो. वहिनींनी पिठलं-भाकरी केली. ज्वारी गावाकडून येते म्हणाल्या. तीन दिवस त्यांनी मला हलू दिलं नाही. रोज रात्री कंबर शेकायला वाळूची गरम पुरचुंडी.

निघताना त्यांनी एक पिशवी दिली. “आईला तेवढी द्या.” साडेतीन हजार किलोमीटर ती पिशवी टाकीवर बांधून आणली. त्यांच्या आईंनी पिशवी उघडायच्या आधी माझ्याच तोंडावरून हात फिरवला. “माझ्या लेकाला बघून आलास.”

* * *

मी गाडी चालवत नाही. माझा मुलगा चालवतो. मी लिहिलं तर चालेल ना?

रोज संध्याकाळी सातला फोन करायचा, असं आमचं ठरलेलं. नाशिकहून काश्मीरला निघाला, पठाणकोटपर्यंत रोज फोन आला. त्यानंतर बंद. सात वाजले, आठ, दहा. लावावा तर लागत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी देवापाशी बसले नाही, बसवतच नव्हतं. त्याची खोली आवरत राहिले. झालं होतं इतकंच की बाहेरून नेलेलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. त्याला ते माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

दुसऱ्या रात्री नऊनंतर अनोळखी नंबरवरून फोन आला. आमच्याकडे असले फोन कर्जवाल्यांचे येतात, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा सूनबाईने माझ्या हातून फोन ओढून घेतला. तो रामबनजवळ अडकला होता, दरड कोसळून रस्ता बंद होता, आणि एका हॉटेलवाल्या काकांच्या फोनवरून बोलत होता. “आई, दोनदा का कापलास?” एवढंच म्हणाला. मागे ते काका सांगत होते, आरामात बोलू दे, घाई नाही.

तो नंबर मी साठवून ठेवला आहे. ईदला फोन करते. तेव्हापासून अनोळखी नंबर आला की उचलतेच, मग कुणाचाही असो. पुढच्या महिन्यात मुलगा भूज, धोलावीरा करून राजस्थानातून येणार आहे. तिकडे पोस्टपेड लागत नाही म्हणतो. मी परवाच दुकानात जाऊन घेऊन आले.