शब्दचर्चा : ‘यशस्वी ट्रकचालक’ कानाला खटकतं का?

निरगुडी :
माझे धाकटे मामा या दिवाळीत स्टेअरिंग सोडतायत. तालुक्याच्या चालक-मालक संघटनेने सत्कार ठेवलाय आणि मानपत्राचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. ‘एक यशस्वी ट्रकचालक’ असं लिहून त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “यशस्वी उद्योजक असतो गं. ड्रायव्हर कसला यशस्वी?” तेव्हापासून अडलेय. या लाईनमध्ये ज्याचं बरं झालं, त्याला ही माणसं काय म्हणतात?

खेप :
यशस् म्हणजे मुळात कीर्ती. बोलीत तो अर्थ अजून टिकून आहे. “कितीही करा, यश नाही” असं घरातली बाई म्हणते तेव्हा स्वयंपाक बिघडलेला नसतो, केल्याचं कुणी बोललेलं नसतं. त्या अर्थाने ट्रकवाल्याच्या वाट्याला यश कुठून येणार? टक्कर झाली की चूक कुणाची हे बघायच्या आत लोक मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरची कॉलर धरतात.

घाटमाथा :
‘पोचलेला ड्रायव्हर’ लिहा! :)

खेप :
लिहा, म्हणजे सत्काराच्या दिवशीच भांडण. पोचलेला म्हणजे एक तर सिद्धपुरुष, नाही तर बेरकी. आणि ट्रकवाल्याच्या बाबतीत पहिला अर्थ कुणी घेणार नाही.

सोलापूर_रोड :
पण ‘पोच’ हा त्यांच्या धंद्यातला फार मोलाचा शब्द आहे. माल उतरवून घेणाऱ्याने बिल्टीवर (मालासोबतच्या पावतीवर) सही-शिक्का दिला की ती पोच. भाड्याचा मोठा भाग भरताना हातात येतो, बाकी अडकते ती पोच येईपर्यंत. पोती भिजली, डाग (नग) कमी भरले, तर शेरा पोचेवरच पडतो. म्हणून “याची पोच कधी शेऱ्याची आली नाही” ही माझ्या ऐकण्यात ट्रान्सपोर्टवाल्याने केलेली सगळ्यात मोठी स्तुती आहे. (मी भिवंडीला गोदामात कारकुनी केली आहे, पोचांचे गठ्ठे लावले आहेत.)

मालक लोकांचं विशेषण मात्र ठरलेलं : ‘अनुभवी, निर्व्यसनी ड्रायव्हर पाहिजे’. कुठल्याही पेपरातल्या छोट्या जाहिराती काढून बघा. मानपत्रात ‘निर्व्यसनी’ लिहू नका. तो शब्द उमेदवाराला लावतात, सत्कारमूर्तीला नाही.

मोकळी_गाडी :
मी या लाईनमध्ये आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आमच्यात पहिला प्रश्न असतो, “कुणाच्या गाडीवर आहेस?” सगळी चढण या ‘वर’ मध्ये. आधी उस्तादाच्या हाताखाली किन्नर (क्लीनरचं आम्ही असंच केलंय), टायर ठोकून बघायचे, काच पुसायची, मागे घेताना “आन दे, आन दे” ओरडायचं. मग शेठच्या गाडीवर ड्रायव्हर. मग स्वतःच्या गाडीवर. म्हणजेच चालक-मालक. रिक्षा स्टँडपासून ट्रान्सपोर्ट नगरापर्यंत पाट्यांवर हा जोडशब्द दिसतो, म्हणून लोकांना वाटतं की हेच शिखर.

अर्धंच खरं आहे. गाडी घेतली त्या दिवशी माणूस मालक होत नाही, आरसी बुकावर फायनान्सचा बोजा चढलेला असतो. हप्ता, इन्शुरन्स, पासिंग, टायर, डिझेल, आणि जाताना भाडं मिळालं तरी येताना मिळेल का हा घोर. बरेच जण इथेच बसतात. गाडी ओढून नेली की परत शेठच्या गाडीवर. हप्ते फिटले, फायनान्सवाल्याने फॉर्म ३५ दिला, आरटीओत बोजा उतरला, की मग “गाडी मोकळी झाली” म्हणतात. पेढे तेव्हा वाटतात. गाडी घेतल्यावर वाटतात ते सोयऱ्यांसाठी.

दुसरी बाजूही सांगतो. माझ्या ओळखीतले सगळ्यात सुखी गृहस्थ कधीच मालक झाले नाहीत. कळंबोलीहून लोखंड भरून जालना लाईन करायचे. शोरूममधून नवी चासी आली की शेठ आधी यांच्याच हातात द्यायचे, हिशेब विचारायचे नाहीत. त्यांना आम्ही ‘भरवशाचा हात’ म्हणायचो. मामा यातले असतील तर ‘चालक-मालक’ लिहून त्यांना छोटं करू नका.

एसटीप्रेमी :
एसटीत ‘विनाअपघात सेवा’ असा सरळ शब्द आहे, त्यावर चालकांचे सत्कार होतात. तोच वापरा की.

सोलापूर_रोड :
एसटीत सेवापुस्तक असतं हो. ट्रकवाला सहा शेठ बदलतो, नोंद कोण ठेवणार? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास लिहिले होते, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. एका-दोन गाड्यांचा शेठ त्याच्या बाहेरच. अमेरिकेत दहा लाख मैल विनाअपघात चालवणाऱ्याला सन्मान देण्याची पद्धत आहे. दहा लाख मैल म्हणजे सोळा लाख किलोमीटर. रोजचे ३०० धरले तर पंधराएक वर्षांत आपले कित्येक जण तिथे पोचले असतील. मोजायला कुणी नव्हतं, एवढंच.

निरगुडी :
मामांना पुन्हा विचारलं. त्यांची गाडी मोकळी आहे, शेऱ्याची पोच आठवत नाही म्हणाले. पण यातलं काही लिहू नको, “पोरांच्या हातात स्टेअरिंग दिलं नाही” एवढंच लिही म्हणतात. एक जण तलाठी आहे, धाकटी नर्सिंगला.

घाटमाथा :
हे मला पटत नाही. शेतकरीही असंच म्हणतो, पोरगं शेतात नको. मग ज्या लाईनने घर उभं केलं तिची मानपत्रातच बदनामी? समोर बसलेल्यांत वीस-पंचवीस वर्षांचे ड्रायव्हर असतील, त्यांनी काय समजायचं?

मोकळी_गाडी :
ते टाळ्या वाजवतील. पटलं नाही तरी मामांचं वाक्य मामांचंच राहू द्या.

निरगुडी :
असं जमवलंय : ‘शेठच्या गाडीवर किन्नर म्हणून लागले, स्वतःची गाडी केली, मोकळी केली. त्यांची पोच कधी शेऱ्याची आली नाही. पोरांच्या हातात मात्र त्यांनी स्टेअरिंग दिलं नाही.’ ‘यशस्वी’ काढून टाकला.

खेप :
छान. ‘गाडी केली’ तेवढं बघा. “गाडी करून लग्नाला गेलो” म्हणजे भाड्याने केली.

मोकळी_गाडी :
‘स्वतःची’ आहे ना आधी. आम्ही ‘दोन गाड्या केल्या, घर केलं’ असंच म्हणतो. ‘घेतली’ लिहिलं तर शोरूमची पावती वाटते. ‘केली’ ठेवा.