बदामबागा, रानमाश्या आणि आदिवासींची आग

सॅक्रामेंटोकर:
दर फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांच्या परागीभवनासाठी देशभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकने येतात. एकरी साधारण दोन, भाड्याने. याच राज्यात रानमाश्यांच्या, म्हणजे पेटीत न पाळलेल्या स्थानिक माश्यांच्या, सोळाशेच्या आसपास जाती आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. संशोधक क्लेअर क्रेमेन यांनी २००२ मध्ये इथल्या कलिंगडाच्या शेतांत दाखवलं, की रान जवळ आणि शेती सेंद्रिय असेल तर परागीभवनाचं काम रानमाश्या एकट्या उरकू शकतात. रान राखायची विद्या इथल्या करुक, युरोक या आदिवासींकडे होतीच: हवा बघून लावलेली, जमिनीलगतची आग. तिने टोपल्यांसाठी हेझल या झुडपाचे सरळ कोंब येतात, खालच्या फुलझाडांना ऊन मिळतं. कॅलिफोर्नियाच्या १८५० च्या कायद्याने ती आग दंडनीय ठरवली. माझं मत, पेट्यांच्या भाड्यातला काही वाटा या जाळण्याला द्यावा.

प्रज्ञा_के:
दोन गोष्टींची गाठ मारताय. आगीने माश्या वाढतात याचा पुरावा म्हणून संशोधक लॉरेन पोनिसिओ यांचा २०१६ चा अभ्यास पुढे करतात. तो योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला, जिथे विजेने लागलेल्या आगी बऱ्याचदा जळू देतात. कमी-जास्त भाजलेले तुकडे शेजारी असले की फुलांच्या आणि माश्यांच्या जाती जास्त, हे खरं. पण करुकांचा मुलूख पार उत्तरेला!

सॅक्रामेंटोकर:
आग कुणी लावली हे माशीला काय कळतं? बहुतेक रानमाश्या जमिनीत बिळं करतात, हलक्या आगीत खालची माती फारशी तापत नाही. शतकभर विझवत राहून जंगल एकसारखं गच्च झालंय, तेच मोडायचंय.

निफाडकर:
अहो, डोंगर जाळून खोऱ्यातल्या बदामाला काय मिळणार? रानमाशी एवढ्या लांब येत नाही. दहा लाख एकरांहून जास्त एकच पीक, फुलोरा संपल्यावर तिने खायचं काय? क्रेमेनबाईंची ‘रान जवळ’ ही अट तुम्ही पटकन ओलांडलीत. मी बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावतो. गोंडे फुलले की फवारणी बंद, एवढंच माझ्या हातात. शेजारचा मारतोच.

निवृत्त_वनपाल:
हे वाचून सह्याद्रीत काडी ओढू नका. आपले वणवे ऐन उन्हाळ्यात लागतात, नव्या गवताच्या नाहीतर शिकारीच्या नादात.

प्रज्ञा_के:
वनपालसाहेब, सरसकट ‘काडी ओढू नका’ हेच १८५० चा कायदा म्हणत होता. या बाबतीत मी सॅक्रामेंटोकरांच्या बाजूने.

निवृत्त_वनपाल:
जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचे पट्टे, आम्हीही जाळतो, पण माणसं उभी करून, वारा पडल्यावर. तसं कुणी करणार असेल तर बोलू.

सॅक्रामेंटोकर:
करुक तसंच करतात. २०२४ च्या कायद्याने मान्यताप्राप्त जमातींना राज्याशी करार करून आपल्या मुलुखात आग लावता येते. निफाडकर, तुमचा अंतराचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. बागांच्या बांधावर फुलझाडं लावल्याशिवाय डोंगरातली माशी खाली उतरणार नाही.

निफाडकर:
आणि त्या बांधाची जागा कोण सोडणार?